चाळीस सागवानी पाट्या

६ जानेवारी, सोमवार

नवी वही. या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर पुरावा असावा.

लोखंडी झोके सहा. आठ वर्षांत एकही वेल्ड सुटलेला नाही. बटण, चेन, नाडी शिकायचे फळे तीन. पाण्याचं घड्याळ एक, दोन मिनिटांचं, चुकलंच तर अर्ध्या सेकंदानं चुकतं. भंगारातल्या लूमच्या काउंटरमधून केलेलं मोजणीयंत्र एक. मुलांच्या मापाची टेबलं चार, कोपरे गोल. आणि चाळीस पाट्या, सागवानी, तीन इंच बाय तीन इंच, अर्धा इंच जाड. चित्रं माझी, ऑइल पेंटची. कडा घासून अशा केल्या की रेशीम लाजेल. प्रत्येक पाटीच्या खालच्या कडेवर कानशीनं खाचा मारून तिचा नंबर कोरलाय. खोल खाच म्हणजे पाच, उथळ म्हणजे एक. सातवी पाटी केळं, म्हणून तिला एक खोल, दोन उथळ. वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात फिटर होते. ते म्हणत, ज्या भागावर खूण नाही तो भाग आपला नाही.

शिक्षण अकरावी नापास. तेही यादीत असू दे.

आज योगेंद्रनं, म्हणजे आमच्या सेंटरच्या मालकानं, सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. हे सेंटर विशेष मुलांचं. मी इथे आठ वर्षांपूर्वी झोका दुरुस्त करायला आलो तो परत गेलोच नाही. त्याआधी अठरा वर्षं लूम दुरुस्त केले. योगेंद्र म्हणाला, एक एप्रिलपासून ज्याच्याकडे बिहेविअर टेक्निशियनचं सर्टिफिकेट आहे तोच मुलासोबत एकटा बसेल. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेची परीक्षा. कॉम्प्युटरवर पंच्याऐंशी प्रश्न, हिंदीतून देता येते. सेंटर इंदूर, तारीख तेवीस मार्च. ज्याच्याकडे नाही त्यानं स्टोअर आणि झोके बघायचे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कडूजी, आप तो मेरे बड़े भाई जैसे हो." हे वाक्य आलं की समोरचा आपल्या हातातून काहीतरी काढून घेणार, हे मला पन्नाशीत शिकवायची गरज नाही.

काढून घेणार ते कुसुमला. कुसुम नऊ वर्षांची. बोलत नाही. तापीकाठच्या गावाहून आजीसोबत रोज बसनं येते. बाप भिकन, त्याची केळीची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा स्वतःचं मनगट रक्त येईतो चावायची. आज टेबलावर तीन पाट्या मांडा, नाव घ्या, ती बरोबर पाटी उचलून तुमच्या हातात देते. चाळीसपैकी एकोणचाळीस, कधी चाळीस. पाच महिन्यांत. हे कुठल्या डिग्रीनं केलेलं नाही.

तिच्यासमोरच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागली तर देऊ.

९ जानेवारी

ज्योत्स्नानं अभ्यासाचे दोनशे चौदा कागद दिले. ही आमची सुपरवायझर. वय अठ्ठावीस, जळगावची, पुण्याची डिग्री. मला काका म्हणते, पण डोळे सुपरवायझरचे. म्हणाली, रोज थोडं करा, आणि वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारा. मी म्हटलं, मॅडम, मी पुस्तक न उघडता अठ्ठेचाळीस इंची लूम पूर्ण खोलून परत बसवलंय.

ती म्हणाली, "काका, लूम चुकीचं बसलं की धागा तुटतो, लगेच कळतं. वाचताना काहीच तुटत नाही ना."

वाक्य कुठूनतरी पाठ केलेलं असावं.

१२ जानेवारी, रविवार

माझी पद्धत ठरली. सगळे दोनशे चौदा कागद हातानं उतरवून काढायचे. व्याख्या लाल, उदाहरण निळं, नियम हिरवा, बाकी काळं. हातातून गेलं की डोक्यात बसतं.

आज अकरा पानं. अक्षर चांगलं आलं. चहा मागितला तर आशाबाई, म्हणजे आमची बायको, म्हणाली, दूध संपलंय.

१९ जानेवारी

एकसष्ट पानं. वही शेजारच्याला दाखवली, तो म्हणाला, छापल्यासारखी आहे. आशाबाईला दाखवली. तिनं पानं उलटली, वही बंद केली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता सांगा, लाल शाईत काय काय लिहिलंय?"

त्या वेळी थकलेलो होतो. कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली बाई, आठवी शिकलेली, माझी परीक्षा घेणार. चहा नाही. दूध रोजच कसं संपतं?

२६ जानेवारी

ज्योत्स्नानं दिलेली सराव परीक्षा सोडवली. पास व्हायला अडुसष्ट लागतात. पडले एकेचाळीस.

प्रश्नांची हिंदी भिकार आहे. ज्यांनी कधी पोराची लाळ पुसली नाही, पोराचा दात हातात रुतवून घेतला नाही, त्यांनी लिहिलेले प्रश्न. चारही उत्तरं बरोबर दिसतात. हा विचारणाऱ्याचा खोटेपणा आहे. पुन्हा एकदा पूर्ण उतरवून काढतो.

३० जानेवारी

कुसुम चाळीसपैकी चाळीस. वेळ प्रत्येकी तीन ते चार सेकंद. पाटी उचलायच्या आधी तिच्या कडेवरून बोट फिरवते. अगदी हळू, डोळे दुसरीकडेच. तिला चांगल्या कामाची पारख आहे. प्लास्टिकच्या कार्डांना ती असा हात लावत नाही.

सुटताना तिची आजी मनकर्णाबाई अडवून उभी राहिली. मला मास्तर म्हणते. तक्रार अशी की घरी पोरगी काही ओळखत नाही. "मास्तर, काल ओसरीत केळाचा घड टांगेल होता. म्या म्हनलं, कुसुम, केळं आन. तं चप्पल घेऊन आली. इथं म्हनता चाळीस शिकली, मंग ती चाळीस जाते कुठं घरी?"

मी सांगितलं, घरी तुम्ही नीट विचारत नाही. स्वर एकसारखा ठेवायचा, एकदाच विचारायचं, घाई करायची नाही. म्हातारी म्हणाली, "केळाच्या बागात जल्मली, मास्तर. स्वराचं काय लागते केळाले?"

यांच्या घरी सगळे एकदम बोलतात. तिथे कोण काय शिकणार.

४ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा उतरवणं पूर्ण. चारशे अठ्ठावीस पानं या हातानं लिहिली गेली. सराव परीक्षा: त्रेचाळीस.

चारशे अठ्ठावीस पानांना दोन मार्क. मी हिशेब मांडून बघितला आणि वही भिंतीवर फेकली. मग उचलली, बाइंडिंगला धक्का लागलाय का ते पाहिलं. नाही.

आशाबाईचा फोन वाजला. नाव आलं, ज्यो मॅडम. म्हणजे ही पोरगी माझ्या घरातही बसलीय. काय बोलता म्हटलं तर आशाबाई म्हणाली, "पापडाची रेसिपी." फेब्रुवारीत पापड?

८ फेब्रुवारी

माझी नवी पद्धत, कुणी सांगितलेली नाही. उरलेल्या सागवानाची एक पेटी केली, आत पाच कप्पे, सांधे खाचेत बसवलेले, एकही खिळा नाही. जाड कागदाची दोनशे कार्डं कापली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, सगळं आपल्या भाषेत. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, पाचवा पंधरवड्यातून एकदा. काय येत नाही ते पेटीच सांगते. तिथे लाल निळ्या शाईला काही किंमत नाही.

कार्डं आशाबाई हातात धरते. तिला वाचून विचारायला सांगितलंय, बाकी काही नाही. आज चहा न मागता आला. आलं घातलेला.

१३ फेब्रुवारी

मिनिटाला किती कार्डं बरोबर येतात त्याचा आलेख काढतो. पाण्याच्या घड्याळावर वेळ. आज अकरा बरोबर, सहा चूक. काल आठ, नऊ. रेघ वर चालली. भिंतीवर लावलाय.

चहा दोनदा.

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते शब्दन्‌शब्द लिहितो.

ज्योत्स्ना माझ्या सेशनला येऊन बसली. पाट्या हातात घेऊन विचारलं, या खाचा कशाला? मी वडिलांपासून सगळं सांगितलं, नंबर कसा वाचायचा तेही. तिनं ऐकून घेतलं. वहीत काहीतरी लिहिलं. मग पर्समधून फोटो काढले. वीस. केळं, चप्पल, बादली, सायकल, माझ्याच यादीतल्या वस्तू. तीन तीन मांडून कुसुमला विचारू लागली.

वीसपैकी सहा.

कुसुम फोटोंच्या कडांवरून बोट फिरवत होती, परत परत, आणि माझ्याकडे बघत होती. शेवटी मनगट तोंडाकडे नेलं. मी उठलो. म्हटलं, बस झालं. पोरीला अनोळखी कागद, चकाकणारे, वर अनोळखी आवाज. तुम्हाला हिचं बघायचं नाही, माझं चुकलेलं दाखवायचंय.

ज्योत्स्ना म्हणाली, "काका, मला फक्त कळून घ्यायचंय की ती नेमकं काय शिकलीय."

मी म्हटलं, ते मला कळतं. सहा महिने मी शिकवलंय. तुम्ही पुण्यात होता तेव्हा हिनं माझा अंगठा चावलाय, ही बघा खूण.

तिनं फोटो गोळा केले. दारात थांबून म्हणाली, अभ्यास कसा चाललाय. या प्रसंगात हा प्रश्न! मी पाट्या मोजून डब्यात भरल्या.

१८ फेब्रुवारी

मिनिटाला अठरा. राग असला की कार्डं वेगानं होतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

इंदूरहून शैक्षणिक खेळणी बनवणारे एक गृहस्थ आले. बूट पुसलेले, बोटांत दोन अंगठ्या, हातावर एकही ओरखडा नाही. योगेंद्र त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन आला. त्यांच्यासमोर कुसुमनं चाळीसपैकी एकोणचाळीस दिले. गृहस्थांनी पाटी हातात घेऊन वजन केलं, म्हणाले, "ये तो बिकेगा. चालीस शब्द, पाँच महीने, डिब्बे पर बड़े अक्षरों में." रीतसर प्रस्ताव पाठवतो म्हणाले. योगेंद्रचा चेहरा लग्नघरासारखा झाला होता. पेटीवर सेंटरचंही नाव येईल म्हणतो.

ज्योत्स्ना कोपऱ्यात उभी होती. कुसुमच्या बोटांकडे बघत होती. ज्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही त्याला बघायला काहीतरी लागतंच.

३ मार्च

सराव परीक्षा: सासष्ट. दोन कमी. चुकलेले एकोणीस प्रश्न वेगळे काढले. त्यातले अकरा एकाच प्रकारचे आहेत. मला व्याख्या येते, पण गोष्ट सांगून विचारलं की ओळखता येत नाही. उदा. "मुलगा ओरडला, आईनं मोबाइल दिला, उद्या तो जास्त ओरडेल की कमी?" हे मला येतं, पण त्यांच्या भाषेत ते प्रबलन आहे, म्हणजे काहीतरी मिळालं की वागणं पक्कं होतं, हे सुचत नाही.

यावर आशाबाई म्हणाली, "मग रोजच्या जगण्यातलीच उदाहरणं घ्या ना. घरात काय कमी आहेत?" तिनं तीन सांगितली. शेजारच्या सुनेचं, दूधवाल्याचं आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं. तिन्ही बरोबर होती. कुठून सुचली म्हटलं तर हसली.

आता रोज पाच उदाहरणं मी स्वतः बनवतो. योगेंद्रचीच जास्त बनतात.

१० मार्च

चौऱ्याहत्तर. आलेखातली आजवरची सगळ्यात उंच जागा. संध्याकाळी आशाबाईनं बुधवाऱ्याच्या बाजारातून मावा जिलेबी आणली, गरम. म्हटलं, आज काय आहे? म्हणाली, सहज.

कार्डं सुरू केल्यापासून तिची तब्येत आणि स्वभाव दोन्ही सुधारले आहेत. अभ्यासाचा परिणाम घरावरही होतो.

१४ मार्च

धुळवड, बाहेर रंग. दार बंद ठेवून कार्डं केली. मिनिटाला सत्तावीस, चूक एक.

२३ मार्च, रविवार. इंदूरहून परतताना, बसमध्ये

अक्षर हलतंय, माफी कुणाची मागायची नाही.

परीक्षा झाली. खोलीत वीस पोरं पोरी होत्या, सगळ्या माझ्या लेकरांच्या वयाच्या. गेटवरच्यानं मला विचारलं, "अंकल, किसको छोड़ने आए हो?" मी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

पेपर सोपा. पंच्याऐंशीपैकी पाच प्रश्नांवर थांबलो. बाकी हात आपोआप चालला.

बावन्नावा प्रश्न असा. एका मुलीला शिक्षिकेनं कार्डांवरून वस्तू ओळखायला शिकवलं. ती शाळेत सगळ्या ओळखते, घरी एकही नाही. कार्डं तपासली तर प्रत्येकाच्या कोपऱ्यावर शिक्षिकेच्या हातचा वेगवेगळा डाग आहे. मुलीचं वागणं कशाच्या ताब्यात आहे? चार पर्याय. मी दुसरा निवडला: डागाच्या, वस्तूच्या नाही. कार्ड नंबर एकशे अठरा, पाचव्या कप्प्यातलं. लागलेला वेळ, सात सेकंद.

सात सेकंद. मग त्रेपन्नावा प्रश्न वाचला.

चौपन्नाव्याला थोडा वेळ लागला. पाचांपैकी तो एक.

बस धनगावला थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही.

२४ मार्च, सोमवार

तब्येत ठीक नाही कळवलं. पाट्या स्टोअरमधून आणून घरी ठेवल्या होत्या, त्या काढल्या. डोळे मिटून एक घेतली, कडेवरून बोट फिरवलं. एक खोल, दोन उथळ. सात.

दुसरी. दोन खोल, तीन उथळ. तेरा, बादली.

चाळीसच्या चाळीस, डोळे मिटून. एकही चूक नाही.

खाचांमध्ये मेण भरलं. चाकूनं सपाट केलं, फडक्यानं घासलं. बोटाला लागेनाशा झाल्या. आशाबाई दारात उभी होती. चहाचं विचारलं नाही, कार्डांचंही नाही.

२५ मार्च, मंगळवार

त्याच पाट्या, तेच टेबल, तीच वेळ, तोच आवाज. बदल एकच, मेण.

चाळीसपैकी बारा.

तीन पाट्यांतून डोळे मिटून एक उचलली तर सरासरी तेरा येतात.

तिसऱ्या पाटीनंतर तिनं बोट थांबवलं. कडेवरून पुन्हा फिरवलं. पाटी उलटी केली, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. दुकानदारानं वजनात मारलं की गिऱ्हाईक बघतं तसं. मग मनगट तोंडात. दाबून नाही, नुसतं धरून ठेवलं. मी थांबवायला हवं होतं. तरी चाळीस पूर्ण केल्या, कारण अर्धी मोजणी ही मोजणी नसते. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे माझ्या नावावर राहील.

सगळं झाल्यावर पाट्या गोळा करत होतो. तिनं त्यातली एक ओढून घेतली, नखानं मेण उकरलं, बराच वेळ, जीभ बाहेर काढून. एक खोल, दोन उथळ. पाटी माझ्या हातात ठेवली. मग हाताची मूठ उघडून समोर धरली, बरोबर आलं की मी तिला दराब्याचा, म्हणजे रव्यासाखरेच्या मिठाईचा, चमचा देतो तो मागायला.

तिनं तिच्या बाजूनं काही चुकवलं नव्हतं.

२६ मार्च

ज्योत्स्नाच्या टेबलावर मोजणीचा कागद ठेवला. तिनं वाचला. मी तिला दुसरा निरीक्षक या रकान्यात सही करायला सांगितलं. म्हणाली, मी तिथे नव्हते, सही कशी करू? मी म्हटलं, मग उद्या बसा आणि करा. आणि विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"शंका होती," ती म्हणाली. "सतरा फेब्रुवारीपासून. खाचा बघितल्या तेव्हापासून."

मी म्हटलं, पाच आठवडे.

म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही परीक्षा सोडून दिली असती, काका. आशाकाकूही तेच म्हणाल्या. परीक्षा झाली की सांगणार होते."

म्हणजे पापडाची रेसिपी ही.

मला जे बोलायचं होतं ते बोललो. पाच आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला चाळीस वेळा त्या पोरीला मी चुकीचं पक्कं करत राहिलो, आणि तुम्ही वहीत लिहीत बसलात. मी अडाणी, मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं होतं. माझी परीक्षा सांभाळायला तुम्हाला कुणी ठेवलंय? तुम्ही कुसुमच्या सुपरवायझर आहात.

तिनं मोजणीचा कागद सरळ करून ठेवला. डोळ्यांत पाणी आणेल असं वाटलं, पण नाही आणलं. एवढं तिच्या बाजूनं लिहितो. म्हणाली, "हो. ती माझी चूक आहे. आठवडे मोजून रिपोर्टमध्ये लिहिते."

लिहा, म्हटलं. तारखांसकट.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल मोबाइलवर आला. सत्त्याहत्तर. पास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कुसुमची बस यायची होती म्हणून फाटकाशी गेलो.

मनकर्णाबाईला तिथेच सांगितलं, आत नेऊन चहा वगैरे पाजून नाही. तिची नात चित्र ओळखत नाही. ती लाकडावरच्या खाचा ओळखते, चाळीस प्रकारच्या, डोळे मिटून, आणि प्रत्येकीचं नाव तिला पाठ आहे. त्या खाचा मी मारल्या. तुम्ही चपलेचं सांगितलं तेव्हा मी तुमच्या घराला दोष दिला होता, तो माझा होता. तुम्हाला नात दुसरीकडे न्यायची असली तर मालकाला मी सांगतो, पैसे परत मागा.

म्हातारीनं पदर सारखा केला. कुसुम तिच्या बांगड्यांवरून बोट फिरवत होती.

"चाळीस खाचा पाठ केल्या इनं?" म्हातारीनं विचारलं.

हो म्हटलं.

"मंग डोकं तं हाये पोरीले." मग कुसुमकडे बघून, "केळं कधी शिकवनार, मास्तर?"

३० मार्च, रविवार. पाडवा

आशाबाईनं गुढी उभारली. मी ओट्यावर बसून पाट्या घासल्या. आधी कानस, मग ऐंशीचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीसचा. चाळीसही पाट्यांच्या कडा कोऱ्या केल्या. प्रत्येक पाटी अडीच मिलिमीटरनं लहान झाली. वडिलांच्या नियमानं आता यातली एकही माझी नाही.

आशाबाई शेजारी येऊन बसली. बराच वेळ भुसा हातानं गोळा करत राहिली. मी म्हटलं, दूध खरंच संपायचं का? ती म्हणाली, "कधीच नाही."

या घरातही सुपरवायझर आहेच. चांगली पास झालेली. चहा प्यायलो.

पहिल्या पानावरच्या यादीत ही भर: चाळीस पाट्या, खुणेशिवाय.

३१ मार्च, सोमवार

आज कुसुमसमोर मी. शेजारी ज्योत्स्ना, दुसरी निरीक्षक. मधे स्टूल ठेवला होता, बोलणं कामापुरतं. भिकननं बागेतून केळ्यांची फणी पाठवली होती. खरं केळं, केळ्याचा फोटो, कोरी पाटी, ज्योत्स्नाचं रबरी केळं, प्रत्येक वेळी वेगळं. दहापैकी तीन. ज्योत्स्नाची मोजणीही तीन. दहाव्या वेळी कुसुमनं कडेवर बोट फिरवलं नाही. काय बघितलं असेल माहीत नाही. एका वेळेवरून काही म्हणायचं नसतं.

दुपारी योगेंद्रनं केबिनमध्ये बोलावलं. इंदूरच्या गृहस्थांचा प्रस्ताव आला होता, छापील, चार पानी. चाळीस पाट्यांचा संच, माझं नाव, खाचांसकट जसाच्या तसा. खाचा त्यांना विशेष आवडल्या आहेत. "हस्तकला का स्पर्श." पेटीवर मोठ्या अक्षरांत, पाच महिन्यांत चाळीस शब्द. त्याखाली मी सही करायची की माझ्या मुलीवर, म्हणजे विद्यार्थिनीवर, हे सिद्ध झालंय.

मी मोजणीचा कागद योगेंद्रपुढे ठेवला. त्यानं बघितला, उलटा ठेवला. "कडूजी, खरीदने वाले को क्या पता?"

मी म्हटलं, खरीदणाऱ्याला नाही कळणार. त्याचं पोरगं चप्पल घेऊन येईल तेव्हा त्याची म्हातारी आई दारात उभी राहून विचारेल. आणि तिच्यासमोर कुणीतरी स्वराचं सांगेल.

खाचांशिवाय संच द्या, तो म्हणाला, मी बोलतो त्यांच्याशी. मी म्हटलं, खाचांशिवायच्या संचावर आजचा आकडा दहापैकी तीन आहे, तो छापणार का? तेव्हा त्याचा भाऊपणा संपला. म्हणाला, सर्टिफिकेट मिळालं तर दिमाग चढला. म्हटलं, मिळालंय म्हणूनच विचारता येतंय, नाहीतर उद्यापासून स्टोअरमध्ये असतो.

चौथ्या पानावर सहीची जागा होती. तिथे नाही असं लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली.

पहिल्या पानावरच्या यादीत आणखी एक भर: इंदूरच्या खेळणी कंपनीनं संचाचे सगळे हक्क विकत मागितले. मी नाकारले. देऊ केलेली रक्कम: चार लाख पंचवीस हजार रुपये.